सत्तावीस क्रेटची थप्पी

आळेफाट्याची जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि त्या दिवशी ती भरतच नव्हती. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटबाहेर, भुरभुर पावसात, मी पुढच्या सीटवर वही उघडून बसले होते. डिप्लोमाचं गणित दुसऱ्यांदा राहिलं होतं. या खेपेलाही सुटलं नाही तर कॉलेज बंद, आणि मी पप्पांच्या साडीच्या दुकानात... मला ते मुळीच नको होतं.

सत्तावीसचा घात वजा दोन तृतीयांश. मी सरळ गुणाकार केला, पुढे वजा ठोकला. वजा अठरा!

"उत्तर वजा यायचं नाय."

खिडकीशी एक मुलगा उभा. याची पिकअप लिलावाच्या रांगेत, आणि लक्ष माझ्या वहीत!

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाय. पण चुकल्यालं बघून राहवंना." तो हसला. "मी आदेश, कळंबचा. बीएस्सीला गणितच हाय माजं."

"मी खुशबू. मला हे जन्मात जमणार नाही."

"खाली उतरा."

का कोण जाणे, उतरले! त्याने रिकाम्या क्रेटची थप्पी रचली. तीन लांब, तीन रुंद, तीन उंच.

"हे सत्तावीस. घातात छेदाला तीन हाय, मंजी घनमूळ. थप्पीची एक बाजू किती?"

"तीन."

"आता अंशातला दोन. तीनचा वर्ग?"

"नऊ... म्हणजे हा एक थर!"

"बघा! अन् वजा मंजी नुसतं उलटं करायचं. एक छेद नऊ." त्याने वरच्या थरातला एक क्रेट उचलून माझ्या हातात दिला. "थरातला हा एवढाच."

तो क्रेट छातीशी धरून मी वेड्यासारखी हसत सुटले. इतकं थांबून मला कुणी कधी समजावलंच नव्हतं.

मग मी जीपच्या आधी मुद्दाम लवकर मार्केटला येऊ लागले.

"बत्तीसचा घात वजा तीन पंचमांश?"

"एक छेद आठ!"

"लई हुशार झाला राव तुमी."

"शिकवणाराच चांगला आहे..." मी म्हणायचे, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

निकाल लागला. पास! पेढ्यांचा डबा घेऊन मी थेट मार्केट गाठलं. आदेश पिकअपमधून क्रेट उतरवत होता.

"सुटलं?"

"सुटलं!"

त्याने डोळे मिटून सुस्कारा सोडला, जणू पेपर त्याचाच होता. मग चेहरा पडला. "मंजी आता... माजं काय काम नाय ऱ्हायलं."

"थँक्यू म्हणायला आले होते," मी पेढ्यांचा डबा पुढे केला. "तू नसतास तर मी स्वतःला ढच समजत राहिले असते. फार उपकार आहेत तुझे."

"उपकार कसले? पास झाला, तेच लई झालं."

"आदेश, पास झाले म्हणून नाही आले मी. नापास झाले असते, तरी आधी तुझ्याकडेच आले असते."

त्याने हातातला क्रेट खाली ठेवला, हात शर्टाला पुसले, आणि भर बाजारात माझा हात धरला.