रिकाम्या खुर्चीचा कच्चा लिंबू

मे महिन्यातली दुपार. महादेवरावांच्या कूलरची मोटर जळाली आणि त्यांनी पोराला, विवेकला, जाम गावच्या चौफुलीवर पिटाळलं. "सिधा वापस येजो," असं बजावलंही. पण मोटरवाल्याचं दुकान जेवणासाठी बंद, आणि शेजारीच भैयाजींचा गेमिंग हॉल उघडा. आता यात पोराचा काय दोष?

हॉल म्हणजे कापसाच्या जुन्या गोदामात मांडलेले सहा कॉम्प्युटर. झळा नकोत म्हणून शटर अर्धं ओढलेलं, आत सरकीचा जुनाट, तेलकट वास. खेळ बंदुकांचा. एकेकाला एकच जीव, शेवटी ज्यांचा गडी उभा ते जिंकले. विवेक त्यात असा तरबेज, की गोळी कुठून आली हे समोरच्याला कळेपर्यंत हा उठून चहा पिऊन यायचा. म्हणूनच भैयाजींचा कायदा होता : तगड्या गड्यासमोर नवखे असले, तर नवख्यांना एक कच्चा लिंबू जादा द्यायचा. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरची सेटिंगच तशी. तिथे बसणाऱ्याला गोळी लागत नाही. तो मरत नाही, पण हारजितीत त्याला कोणी धरतही नाही.

त्या दुपारी समोर अंकित आणि अश्वजित, दोघंच.

"तिसरा येऊ दे," भैयाजी म्हणाले. "या दोघाईले तू एकटा खाऊन टाकशील."

"मले टाइम नाई, भैयाजी. ती खाली खुर्ची घ्या न कच्चा लिंबू!"

पोट्टे हसले. भैयाजी हसले नाहीत. "खाली जागेले खेळात घेत नसते, बावा..."

तोवर विवेकनं हात लांबवून कोपऱ्यातला कॉम्प्युटर खेळात जोडलासुद्धा.

अंकित पहिल्याच वळणावर आडवा झाला, अश्वजित जिन्याखाली. "जा लेकहो, रसवंतीवर बसा," विवेकनं चिडवलं. दोघं कुरकुरत बाहेर पडले. भैयाजीही जेवायला निघाले. ऊन आत येतं म्हणून त्यांनी शटर पुरतं खाली ओढलं. "जाशील तवा वर ढकलजो."

खेळ संपायला हवा होता. संपला नाही.

पडद्यावर, लांब बोळाच्या टोकाला, एक गडी उभा होता. त्याच्या डोक्यावर नाव नव्हतं. बंदूक खाली धरलेली. तो चालू लागला. विवेकनं गोळ्या घातल्या, एकूण एक कपाळात. तो चालतच राहिला. कोपऱ्यातली खुर्ची रिकामीच होती. तिच्यासमोरचा माऊस मात्र... हळूच सरकत होता.

विवेकनं हेडफोन काढून फेकला. त्या गड्याची पावलं तरीही ऐकू येतच राहिली. तो शटरकडे धावला. पत्रा तव्यासारखा तापलेला. तळहात भाजले, पण शटर तसूभरही हललं नाही. बाहेर हायवेवरचे ट्रक, रसवंतीचे घुंगरू, अंकितचं खिदळणं, सगळं साफ ऐकू येत होतं. विवेकची हाक तेवढी कोणाला ऐकू जात नव्हती.

मग मानेजवळ कोणीतरी बोललं, "मले घे ना... तुह्या इकडून..."

"को... कोण हायेस बे?"

"कोणीच घेत नाई मले... कवाचा बसून हावो..."

घामानं निथळलेला विवेक पुटपुटला, "घेतलं, बाप्पा, घेतलं. माह्या जागेवर खेळ... फक्त हे शटर उघडू दे."

शटर वर गेलं. उन्हाचा लोट आत आला. दारात भैयाजी.

"भैयाजी!" विवेक ओरडला.

भिंतीवरून फिरावी तशी भैयाजींची नजर त्याच्यावरून फिरली आणि पलीकडे जाऊन थांबली. "चाल बे विवेक, मोटरवाला आला. एवढा घामाघूम काऊन झाला?"

विवेकचाच शर्ट घातलेला कोणीतरी विवेकला घासून बाहेर गेला. विवेक त्याच्यामागे झेपावला... निदान त्याला तसं वाटलं. प्रत्यक्षात तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला होता, आणि उठता येत नव्हतं. शटर खाली आलं.

पोरानं गेमचं वेड सोडलं, हे महादेवराव चारचौघांत कौतुकानं सांगतात. विवेकच्या आईला, शालूबाईंना, मात्र एक गोष्ट उमगत नाही. रोज जेवणाच्या वेळी विवेक स्वयंपाकघराच्या दाराशी थांबतो, सगळी बसेपर्यंत एकेकाकडं पाहत राहतो, आणि मग अगदी हळू विचारतो,

"आई... मले बी वाढशील ना?"