बारा लाखांचा दाखला

सोलापुरात सात रस्ता चौकातल्या ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ या पाटीखाली तेजश्री पहिल्यांदा अभिमन्यूसमोर बसली, तेव्हा त्याने आधी तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग तिच्या दोनदा शिवलेल्या चपलेकडे.

“वर्षाला बारा लाख? मॅडम, फी माफी कशाला मागताय? कॉलेजच विकत घ्या की!”

तेजश्रीचे कान तापले. सांगोल्याला घरी चाळीस मेंढ्या आणि टँकरच्या पाण्यावर तग धरलेली दीड एकर डाळिंबं. चौऱ्याण्णव पर्सेंटाइलवर इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. पण फी माफ झाली नाही, तर तो नंबर नुसता बघायचा. खरोखर बारा लाख कमावणाऱ्यांची मुलं पन्नास पर्सेंटाइलवर मॅनेजमेंट कोट्यातून आत जातात. त्यांना दाखला लागत नाही.

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला… घाईत स्पीकरवर.

“आण्णा, बारा लाख कुणी सांगितले?”

हिंदुराव बराच वेळ खाकरले. “तलाठ्यानं इचारलं तवा तुला बघून गेलेले पावणे तितंच बसले हुते. त्यांच्याम्होरं गरिबी कशी सांगू?”

गरिबी सरकारला सांगायची आणि श्रीमंती पाहुण्यांना, ही आपल्याकडची सोय. दोघे एकाच बाकावर बसले की पंचाईत.

अभिमन्यू फोनवर वाकला. “काका, शनिवारी मुदत संपतीय. खरं सांगितलं तर पाहुणे जातील, न्हाय सांगितलं तर पोरीचं कॉलेज. पाहुणे काय, लई मिळतेत.”

“तुमी कोन?”

“मी… फॉर्म भरतो.”

तो इतका जवळ होता, की त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास तिला कळला. ती मागे सरकली नाही. मागे जागा नव्हती, असं तिने स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी हिंदुराव स्वतः नवा दाखला घेऊन एस.टी.तून उतरले. “चावडीत, सगळ्यांम्होरं बोललो. पंच्याण्णव हजार! पावण्यांनी चहाबी अर्धा ठिवला.”

तेजश्रीने दुःखी चेहरा करून पाहिला. जमला नाही.

अभिमन्यूने बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरलं… फिरलं… थांबलं. प्रवेश निश्चित. ट्यूशन फी – शून्य.

हिंदुराव रस्त्यावर धावले. “माज्या पोरीची फी माफ! आमी गरीब हाय, गरीब!” सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यांनीही हॉर्न वाजवून अभिनंदन केलं.

“आता चार वर्षं सोलापुरात?” प्रिंट पुढे करत अभिमन्यूने विचारलं – पण कागद सोडला नाही.

“चार वर्षं. रोज साडेनऊला या दारावरनं जाणार.”

“मी… इथंच असतो.”

“ठाऊक हाय,” तेजश्रीनेही कागद ओढला नाही. “म्हणून तर सांगतेय.”