उणे एक मिनिट

शुक्रवारी सकाळी पूंगोडीनं संगणक उघडला तेव्हा यादीत एकसष्ट कामं होती. कोणत्या लेथवर कोणतं काम, कितव्या नंबरावर, आणि तपासणार कोण. एक ओळ धरून वर सरकवली की खालच्या सगळ्यांच्या वेळा आपोआप बदलत. संध्याकाळी पाचला तीनशे पंपांची लॉरी कोइंबतूरहून तूतुकुडी बंदराकडे निघायला हवी होती. ती चुकली, तर फोरमन मरुदाचलम यांचा खडूचा फळा परत येणार आणि पूंगोडीची सहा महिन्यांची नोकरी संपणार, असं मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"आधी पिळ्ळैयारचं काम टाकलंस का, कण्णू?" मरुदाचलमनी विचारलं. फळ्याच्या माथ्यावर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, खूण काढल्याशिवाय ते अक्षर लिहीत नसत.

"अण्णा, शून्य मिनिटांचं काम हा संगणक घेतच नाही."

"मग पटव त्याला. एवढी शिकलीस कशाला?"

लेथवरची माणसं हसली. पूंगोडीनं चिडून पहिल्या ओळीत 'पिळ्ळैयार' लिहिलं आणि वेळ टाकली उणे एक मिनिट. ती संगणकानं मुकाट्यानं घेतली.

दहा वाजता सतरावं काम उडी मारून नवव्याच्या वर गेलं. तिनं खाली ओढलं. ते परत वर. शेजारी कारण उमटलं होतं, 'माल खराब', आणि वेळ, १०:१०. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

दहा दहाला लेथवाला दंडपाणी नवव्या कामाचं कास्टिंग, ओतीव लोखंडाचा तुकडा, घेऊन आला. आत बोटभर पोकळी होती.

"हे आधी लावलं असतंस तर दुपारपर्यंत बोंबललो असतो. तुला कसं कळलं गं?"

बाराला चार नंबरच्या लेथवरची सगळी कामं सहा नंबरच्या लेथवर गेली. कारण, 'यंत्र बंद'. वेळ, १२:३१. पूंगोडीनं वहीत नोंद केली आणि घड्याळासमोर उभी राहिली. बारा एकतीसला चार नंबरच्या मोटरमधून धूर निघाला.

तिचे कान तापले. पिळ्ळैयारची ओळ पुसावी म्हणून तिनं बोट नेलं. पण चाळीस पंप वेळेआधी तयार होते. असं या कारखान्यात कधीच झालं नव्हतं! तिनं बोट मागे घेतलं.

सव्वाचारला शेवटच्या खोक्याला खिळा बसला. सगळ्यांनी आरोळी ठोकली. मरुदाचलमनी तिच्या हातावर मैसूरपाक ठेवला.

"हरलो बघ मी. सोमवारपासून तुझी यादी म्हणेल तसं." आणि गळ्यातली शिट्टी चाचपत ते लॉरीला मागे येण्याच्या खुणा करायला अंगणात गेले.

पूंगोडीनं हसतच सोमवारची यादी उघडली. प्रत्येक ओळीत तपासणार म्हणून मरुदाचलम. तिच्या डोळ्यांदेखत पहिल्या ओळीतलं नाव बदललं. मग दुसऱ्या. मग भराभर सगळ्या.

कारण, 'व्यक्ती उपलब्ध नाही'. वेळ, ४:४१.

घड्याळात चार अडतीस.

ती धावली. मरुदाचलम दारातच पाठमोरे उभे होते. तिनं त्यांचा दंड धरून आत ओढलं, खुर्चीत बसवलं. "अण्णा, हलू नका. तीन मिनिटं फक्त."

त्यांनी यादीकडे मान वळवली. शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती.

बाहेर लॉरीचं इंजिन गुरगुरलं. शिट्टी वाजली. दोन लांब, एक आखूड. तशी फक्त मरुदाचलम वाजवायचे.

पुन्हा दोन लांब.

आखूड वाजलीच नाही. अंगणात दंडपाणी किंचाळला, "मरुदाचलम अण्णा चाकाखाली!"

चार एक्केचाळीस.

खुर्चीतले मरुदाचलम पुढे वाकून यादी बघत होते. "सोमवारी पहिलं काम कोणतं, कण्णू?" त्यांनी विचारलं.