पंधरावा खिळा

त्या दिवशी खरं तर माझी पाळीच नव्हती. आमच्या ऑफिसातला दुसरा तपासनीस पाय मुरगळून घरी बसला, म्हणून लष्करी वसाहतीतल्या त्या क्वार्टरची तपासणी माझ्या गळ्यात पडली. जवानाने घर सोडायचं म्हटलं की आम्ही जातो, नळ, दिवे, खिडक्या, भिंती सगळं पाहतो आणि घर जसं दिलं होतं तसं परत मिळतंय असं लिहून देतो. मी नियमाला फार पक्की. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘कलमबाई’ म्हणतात, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

बाहेर भुरभुर चालू होती. दार उघडलं ते एका उंच जवानाने. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात झाडू.

“या मॅडम. पाय पुसू नका, फरशी अजून झाडायचीय.”

“पुसते. नियम आहे.”

“पाय पुसायचाही नियम आहे?”

“आमच्या आईचा.”

तो हसला. मी घाईघाईने फॉर्ममध्ये डोकं घातलं. तपासणीच्या वेळी रहिवाशाच्या गालावरची खळी बघावी असं फॉर्ममध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

घरात टेकायला खुर्ची उरली नव्हती. पर्स काखेत, फॉर्म हातात, पेन दातांत अशा अवतारात मी खिळे मोजू लागले. बाहेरच्या खोलीत पाच, स्वयंपाकघरात सहा, आतल्या खोलीत तीन. परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हे वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगेल.

“चौदा!” मी म्हटलं. “आणि सगळे कमरेच्या उंचीवर? इतक्या खाली कुणी फोटो लावतं का?”

“फोटो नव्हते...” त्याने झाडू भिंतीला टेकवला. “आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली वाकायचं नाही, वर हात ताणायचा नाही. मग तिचा हात जिथे पोचेल तिथे सगळं टांगलं. हा चष्म्याचा. हा औषधांच्या पिशवीचा. ही गाळणी. ही काठी.”

नातेवाइकांची ओळख करून द्यावी तसा तो एकेका खिळ्यापाशी थांबत होता.

“आणि हा वाकडा?”

“तो चुकला. मी काढणार होतो, तर ती म्हणाली, राहू दे, चिडले की टॉवेल याच्यावर फेकीन.”

आई बरोबर होती म्हणून या बिनलग्नाच्या माणसाला कुटुंबाचं घर मिळालं होतं. आता ती खडखडीत बरी होऊन त्याच्या बहिणीकडे गेली होती. एकट्याला असं घर ठेवता येत नाही. पंधरा दिवसांत घर रिकामं करून त्याला बरॅकमध्ये जायचं होतं.

मी फॉर्मवर लिहिलं, ‘खिळे चौदा, काढून भिंत बुजवावी.’ प्रेमात पडायला गुलाब वगैरे लागतात असा माझा समज होता. मी गाळणीच्या खिळ्यापाशी पडले.

आठवड्याने दुसरी तपासणी होती. तोवर सहकाऱ्याचा पाय बरा झाला होता. तरी मीच म्हटलं, “राहू द्या हो, मी जाते. उगाच पुन्हा मुरगळायचा.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तडक छत्री घेऊन निघाले.

भिंती गुळगुळीत झाल्या होत्या. चौदाच्या चौदा भोकं बुजवून त्यावर रंगाचा हात फिरला होता. मात्र दाराशेजारी, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक कोरा करकरीत खिळा चमकत होता.

“हा पंधरावा कुठून आला?”

“ठोकला.”

“घर सोडताना? कशाला?”

“मागच्या वेळी तुमची पर्स तीनदा पडली.” तो कानामागे खाजवत म्हणाला. “म्हटलं, पुन्हा याल तेव्हा अडचण नको...”

“हे नियमाबाहेर आहे.”

“माहितीय. लिहा की फॉर्मवर.”

मी लिहिलं. पण त्याआधी पर्स त्या खिळ्याला अडकवली. मग त्याने चहा केला, आम्ही उंबऱ्यावर बसून प्यायलो आणि एका नळाची तपासणी करायला मला पाऊण तास लागला.

निघताना तो म्हणाला, “आता एकच तपासणी राहिली ना?”

“एकच.”

“मग आम्ही पलीकडे... मोठ्या फाटकाच्या आत.”

मी मान हलवली. फाटकाच्या आत, बरॅकपाशी भेटायचा पास फक्त नात्यातल्यांना मिळतो. आई, बहीण, बायको. तपासनीस हे नातं काही त्या यादीत नाही. एकदा त्याने किल्ली ठेवली की मला त्याचं तोंड दिसायची सोय नव्हती.

आणि कलम एकवीस मला पाठ होतं. किल्ली द्यायच्या आत जवानाने लग्नाची तारीख कळवली, तर ते घर महिनाभर त्याच्या नावावर राहतं. पहिल्या दिवसापासून ते जिभेच्या टोकावर होतं. पण एका बिनलग्नाच्या माणसाला मुलीच्या जातीने ते सांगायचं कसं? आ बैल मुझे मार, अशातला प्रकार!

शेवटच्या तपासणीचा फॉर्म वेगळा असतो. त्याच्या तळाशी एक हमी आहे, ‘सदर रहिवाशाशी माझा कोणताही निकटचा संबंध नाही.’ सहा वर्षं मी त्याखाली न वाचता सही ठोकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं... आणि पेन तिथेच थांबलं.

अर्ध्या तासाने फाइल घेऊन आमच्या मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेले.

“मला ही सही करता येत नाही, बाई.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “का? नात्यातला आहे?”

“नाही.”

“मग ओळखीतला?”

“बाई... खोटं लिहिता येत नाही मला. एवढंच.”

“अस्सं.” त्यांच्या तोंडावरची रेषाही हलली नाही. “त्याला माहितीय?”

“नाही!”

“बरं. तपासणी मी करते.” त्यांनी पत्र टाइप केलं. ‘निरीक्षक बदलण्यात येत आहे. कारण, निरीक्षक आणि रहिवासी यांच्यातील निकटचा संबंध.’ खाली लिहिलं, ‘प्रत रहिवाशास.’

“बाई, प्रत कशाला?”

“नियम आहे,” बाई म्हणाल्या. “तुला मी सांगायला हवं?”

सकाळची डाक दहाला जाते. मी सव्वादहापासून मान वर केली नाही. साडेअकराला खिडकीपाशी कुणीतरी धापा टाकत उभं राहिलं. केस ओले, हातात ते पत्र.

“हे... चुकून आलंय का?”

“आमच्या ऑफिसातून चुकून पत्र जात नाही.”

“मग निकटचा म्हणजे...”

“मला तुम्ही आवडता.” माझा आवाज अख्ख्या ऑफिसला ऐकू गेला असणार, कारण पंख्याखेरीज सगळे आवाज थांबले. “म्हणून सही केली नाही. आता हसू नका.”

“मी कुठे हसतोय?” म्हणाला, आणि खळी तर पार कानापर्यंत गेली होती. “मी तर रात्रंदिवस तेच शोधत होतो, आणखी कुठे काय बिघडवलं म्हणजे चौथ्यांदा तपासणी लागेल...”

“काही बिघडवायला नको. कलम एकवीस आहे.” आणि मग मी डोळे मिटून ते कलम घडाघडा म्हणून टाकलं.

तो म्हणाला, “हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“आता विचारतो.” खिडकीच्या फटीतून त्याचा हात आत आला, तळवा वर करून. “त्या घरात राहायला याल?”

मी त्या हातात आधी एकविसाव्या कलमाचा फॉर्म ठेवला. मग, सगळे बघत असताना, माझा हातही ठेवला.

“मुलीचं नाव तुम्हीच भरा,” तो म्हणाला. “माझं अक्षर फार वाईट आहे.”

“खाडाखोड चालत नाही हं.”

“करायचीय कुणाला?”

दुपारी मोठ्या बाई एकट्याच तपासणीला जाऊन आल्या आणि अहवाल माझ्यापुढे ठेवून चहाला निघून गेल्या. नळ ठीक, दिवे ठीक, खिडक्या ठीक. शेवटच्या ओळीत त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘दाराशेजारी एक खिळा. काढू नये.’