काळ्या पानाची पांढरी कड

"हा अल्बम बिघडलाय. बदलून द्या."

डिंकीने मान वर केली. कागदाच्या दुकानात अगदी मागच्या बाजूला तिचं टेबल होतं. लोकांनी आपले फोटो आणून द्यायचे आणि तिने रंगीत कागद, फिती, अक्षरं लावून त्यांचं देखणं स्क्रॅपबुक करून द्यायचं, हे तिचं काम. लहानपणापासून बोटांना सतत काहीतरी चिकटलेलं, म्हणून घरच्यांनी नाव पाडलं डिंकी. ते नावही असं चिकटलं, की दुकानाच्या मालकीणकाकूसुद्धा तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारत नसत.

समोर एक उंच तरुण उभा होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, पण शर्टाच्या आत दडवून आणलेला अल्बम मात्र कोरडा ठणठणीत.

"अल्बम बिघडत नसतो हो," ती म्हणाली. "मिक्सर बिघडतो. माणसं बिघडतात."

"मग फोटो कुठे गेले, ते सांगा."

त्याने अल्बम उघडला. पानं काळी कुळकुळीत. त्यांवर फोटो होते, पण असून नसल्यासारखे. जुने, काळपट पडलेले फोटो पानात पार विरघळून गेले होते. भर म्हणून सगळीकडे डिंकाचे चकचकीत ओघळ – गोगलगाय फेरी मारून गेल्यासारखे.

"हे... तुम्ही स्वतः केलंत?"

"दोन रविवार घालवून."

डिंकीने ओठ दाबून धरले. जमलं नाही. ती खुदकन हसलीच.

"हसा, हसा. मी दिवसभर लोकांची हाडं बघतो. हसणाऱ्याच्या आत काय असतं, ते मला माहीत आहे."

"हाडं?"

"हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. तिथे काळ्यावर कसं सगळं लख्ख दिसतं! वाटलं, इथेही दिसेल..."

"पण दिसायला हवंय कोणाला?"

ओल्या हाताने त्याने कपाळ पुसलं.

"आत्याला," तो म्हणाला. "तिची नजर चाललीय. डोळ्यांच्या बरोबर मधोमध डाग धरलाय. पांढऱ्या पानांवर बघितलं की तिला नुसती तिरीप येते, डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, गडद पानांवर लावून बघा. मी लावले, आणि तिने पानं उलटली, सगळी उलटली... आणि म्हणाली, छान झालंय रे. एकही फोटो दिसला नव्हता तिला."

डिंकीचं हसू जागच्या जागी विरलं. तिने एक फोटो अलगद सोडवला, तो पांढऱ्या कागदावर चिकटवला आणि कडेने बोटभर कागद राखून कापला. मग तो पुन्हा काळ्या पानावर ठेवला.

फोटो उडी मारून वर आला. गर्द पदराची एक बाई, शेजारी सायकल, मागच्या कॅरियरवर बसलेला एक मुलगा.

तो वाकून बघत राहिला. मग फोटोवरची नजर उचलून त्याने तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"जादू आहे."

"कात्री आहे," डिंकी म्हणाली आणि उगाचच पट्टी शोधू लागली. पट्टी तिच्या हातातच होती.

खरं सांगायचं तर काळ्या कागदावर तिनेही कधी काम केलं नव्हतं. "काळा म्हणजे रुसलेला रंग," असं मालकीणकाकूंचं मत. गिऱ्हाइकांना हवी फिकी गुलाबी, फिकी निळी पानं. पण हा एक्स-रेवाला दर गुरुवारी ड्यूटी संपवून येऊ लागला, आणि टेबलावर हळूहळू काळ्याचं राज्य झालं. पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि मग पुसायच्या. डिंक नाही, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावायची, म्हणजे डाग चमकत नाहीत. रंगीत कागद कात्रीने न कापता हाताने फाडायचा, म्हणजे आतली पांढरी किनार फेसासारखी बाहेर येते. एरवी भडक वाटणारा पिवळा काळ्यावर असा उजळतो, की बघणाऱ्यालाच ऊब वाटावी. हे सगळं डिंकी त्याला शिकवत होती, आणि शिकवता शिकवता निम्मं स्वतःच शिकत होती.

"हात धुऊन आलात? काळ्यावर बोटांचे ठसे लगेच उठतात."

"धुतलेत. दाखवू?" त्याने दोन्ही हात पुढे केले.

"मी काय बाई आहे का बालवाडीतली, हात तपासायला?" ती म्हणाली... पण तपासले. तळहात उलटे केले, सुलटे केले. त्या तपासणीला गरजेपेक्षा अंमळ जास्तच वेळ लागला. काउंटरवरून मालकीणकाकू खाकरल्या.

पाच-सहा पानं झाली आणि डिंकी म्हणाली, "आत्यांना भेटल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. ज्यांच्यासाठी करतोय, त्यांना काय दिसतंय ते तरी कळू दे."

आत्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. उभा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, आणि आवाजात अजून खडूची खरखर होती.

"ये गं. तूच ना ती कात्रीवाली? हा गुरुवारी घरी आला की शीळ वाजवतो. बेसूर."

"आत्या!"

"बेसूर म्हटलं म्हणून राग आला, की सांगितलं म्हणून?"

डिंकी हसली. बोलता बोलता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आत्या भाच्याशी बोलताना त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे. तिच्याशी बोलताना तिच्या कानाशेजारच्या दाराकडे. समोरचं माणूस त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून गोळा करत होत्या.

तिने पहिलं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यावर चार फोटो, फिती, चांदीची नाजूक अक्षरं. आत्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "गर्दी आहे काहीतरी," त्या म्हणाल्या. "बाजार भरलाय जसा."

इतकी खपून केलेली पानं! तिने तिथेच, जमिनीवर बसून कात्री काढली. फिती गेल्या. चांदीची अक्षरं चमकतात आणि टोचतात, म्हणून तीही गेली. नव्या बिनचकाकीच्या काळ्या पानावर तिने एकच फोटो लावला, मोठा करून बरोबर आणलेला तो सायकलवाला. तोही मधोमध नाही, अगदी उजव्या कडेला, जाड पांढऱ्या कडेत. बाकीचं सगळं पान तिने तसंच काळं सोडून दिलं.

"आता त्या मोकळ्या काळ्या जागेकडे बघा," ती हळूच म्हणाली. "फोटोकडे बघू नका. तो येईल आपणहून."

आत्या बघत राहिल्या. मग त्यांचा हात पानाच्या कडेवरून सरकत गेला आणि थबकला.

"सायकल... ही माझी सायकल. आणि हा मागे... अरे, तू! पुढचा दात पडलेला, आणि तरी तोंड उघडून हसतोयस!"

एक्स-रेवाला घाईघाईने पाणी आणायला म्हणून आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात पाणी नव्हतंच. कात्रणं गोळा करायला तो तिच्या शेजारी खाली बसला आणि एकच शब्द पुटपुटला, "थँक्यू..." त्या एका शब्दाने ती परतीच्या रस्त्यावर दोनदा चुकीच्या गल्लीत वळली.

अल्बम भरत आला, आणि नेमक्या त्याच दिवसांत डिंकीला फोन आला. दूरच्या एका शहरात कागद बनवणारी मोठी कंपनी होती. तिथल्या डिझाइन विभागात तिला कायमची जागा मिळत होती. तिने मालकीणकाकूंच्या आग्रहावरून काळ्या पानांचे फोटो तिकडे पाठवले होते. ("रुसलेला रंग बराच बोलका निघाला की गं," काकू म्हणाल्या होत्या.)

गुरुवारी तिने त्याला सांगितलं. सांगताना मुद्दाम कागदाकडे बघत राहिली, म्हणजे तो काय म्हणतो ते नीट ऐकता येईल.

"जा," तो म्हणाला. "नक्की जा."

"एवढंच?"

"एवढंच. अशी संधी सोडायची नसते."

"बरं." तिने सरळ रेघ कापायला घेतली. वाकडी कापली. "पान वाया गेलं," ती म्हणाली, आणि मग त्या संध्याकाळी दोघं कामापुरतंच बोलले.

शेवटची पानं द्यायला ती मुद्दाम त्याची ड्यूटी असताना आत्यांकडे गेली. शाळेच्या शिक्षकांचा एक फोटो होता, आत्या अगदी टोकाला उभ्या.

"हा कुठला प्रसंग?"

"दुसऱ्या गावच्या शाळेत मला मुख्याध्यापिका करणार होते, त्या वर्षीचा. मी नाही म्हणाले." आत्यांनी पान चाचपलं. "त्याचे आईवडील नुकतेच गेले होते. घर सुटलं, शाळा सुटली, पोरगं कसंबसं माझ्याकडे रुळत होतं. त्याला पुन्हा उपटून कुठे न्यायचं? पण ते त्याच्या मनात रुतून बसलंय बघ. त्याला वाटतं, त्याच्यापायी माझं आयुष्य अडलं. कोणाला थांब म्हणायचं म्हटलं, की त्याची जीभच रेटत नाही."

डिंकीच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"मी त्याला किती सांगितलं, की मला फायली बघायचा कंटाळा होता, म्हणून सोडलं."

"खरंच?"

"थोडं खरं, थोडं खोटं. पश्चात्ताप नाही, हे मात्र शंभर टक्के." आत्या तिच्या कानाशेजारी बघून हसल्या. "तुला 'जा' म्हणून आला, आणि तेव्हापासून शीळ बंद आहे. घर कसं भकास वाटतंय."

डिंकी उठलीच. बस पकडून तडक हॉस्पिटलात गेली. एक्स-रे विभागाबाहेर बाकांवर माणसं ताटकळत होती. काचेमागच्या छोट्या खोलीचं दार उघडं होतं. आत तो माइकवर वाकला होता, पलीकडच्या खोलीत एक जाडजूड काका मशिनला छाती टेकून उभे.

"काका, श्वास आत घ्या... रोखून धरा—"

"मी जातेय," डिंकी म्हणाली.

तो दचकून वळला. "तुम्ही? इथे?"

"जातेय, कारण मला ते काम करायचंय. तू जा म्हणालास म्हणून नाही, आणि तू थांब म्हणाला असतास तरी थांबले नसते. तेव्हा माझं काही अडवल्याचं ओझं तुझ्या डोक्यावर नाही. कळलं?"

ती त्याला 'तू' म्हणाली, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"कळलं," तो म्हणाला. अगदी हळू.

"आता मला ते सांग, जे 'जा' म्हणताना गिळलंस."

"अहो, श्वास सोडू का?" पलीकडून काकांचा गुदमरलेला आवाज.

"सोडा, सोडा!" तो काचेकडे ओरडला आणि परत तिच्याकडे वळला. कान लाल झालेले. "मला... म्हणजे... दर रविवारी मी तिकडे आलो तर? आणि दोन रविवारांच्या मध्ये तू फोनवर मला ओरडलीस, की हात धुतलेस का... तर मला फार आवडेल. मला तू फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तू हसलीस ना, तेव्हापासून."

"पट्टी माझ्या हातातच होती," डिंकी म्हणाली. डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते. "मी ती तुझ्यासमोर शोधत होते. तेव्हाच कळायला हवं होतं तुला."

"म्हणजे... येऊ?"

"ये. आत्यांनाही घेऊन ये. लग्नाचं त्यांच्यासमोरच विचार, नाहीतर त्या तुला आयुष्यभर ऐकवतील."

"लग्नाचं..." त्याने टेबलाचा आधार घेतला. "हो. म्हणजे, माझ्याकडून हो. आत्ताच हो."

काचेपलीकडे काका कमरेवर हात ठेवून, तोंडभर हसत उभे होते. माइक तसाच चालू राहिला होता.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पण आता फोटो परत काढा. मी हललो."