तांब्याचा कीस

“अख्खं घर पुसते मी, पण ह्या एका फ्रेमखाली रोज लाल कचरा कुठून येतो, देव जाणे,” सासूबाई चारुताच्या कानाशी पुटपुटल्या. विमानं बंद झाली तशा त्या परदेशात, मुलाकडे वेरिबीत अडकल्या होत्या, आणि दिवसभर काही ना काही पुसत होत्या.

चारुताने तो बोटावर घेतला. कचरा कसला, तांब्याचा बारीक, वळलेला कीस होता.

फ्रेममधली छापील बाई तिच्या नवऱ्याने, विक्रांतनेच आणलेली, लॉकडाऊनच्या आधी, जुन्या बाजारातून. “अगदी तू,” म्हणाला होता. तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईत तसाच व्रण. चारुता इतकी हरखली, की लायब्ररीच्या साइटवर वाचत वाचत थेट चित्रकर्त्यापर्यंत पोचली. मार्सां नावाचा, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पॅरिसचा माणूस. तांब्याच्या पत्र्यावर चेहरे कोरायचा आणि कागदावर छापायचा. एखादा सरदार राजाच्या मर्जीतून उतरला की नुसता चेहरा खरवडायचा. त्याच जाळीदार कॉलरवर नव्या सरदाराचं डोकं कोरायचा. ही त्याची बायको. पुढे तिचाही चेहरा त्याने खरवडला म्हणे. काटकसरी दिसतोय, असं म्हणून चारुता तेव्हा हसली होती.

मग घराबाहेर पडायला पाच किलोमीटरची हद्द आली. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीपासूनची तिची मैत्रीण लीना हद्दीच्या आतच, एकटी राहायची. विक्रांत तिला सामान पोचवायला जाऊ लागला. आमटीचा डबा चारुताच भरून द्यायची, वर लिंबाची फोड ठेवून.

ऑगस्टमध्ये चित्रातला व्रण पुसट झाला. मग गाल कोरा पडला.

विक्रांत मीटिंगमध्ये होता. म्यूट करून, मान वर न करता म्हणाला, उजेड बदलला असेल.

“अरे, पण हा कागद आहे. कागदातून तांबं कसं निघेल?”

“चारू, आय हॅव अ कॉल.”

त्याचं जॅकेट धुवायला टाकताना तिने बाही उलटली. शिवणीत लाल कीस अडकला होता.

हळूहळू कोऱ्या जागेत रेषा भरू लागल्या. आधी ओठ. मग हनुवटीवरची खळी. सासूबाईंनी तेवढी एक भिंत पुसायची सोडली. कीस साचत राहिला. जेवताना तिघंही ताटात बघत.

त्या रविवारी चारुता तोंड धुवायला गेली. आरशात पाहिलं. भुवईवरून बोट फिरवलं.

गुळगुळीत.

ती येऊन ताटावर बसली. वरणभात निवत होता.

“आई, माझ्या भुवईत व्रण होता ना हो?”

विक्रांतचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. चारुताच्या तोंडाकडे मात्र पाहिलं नाही.

“होता गं,” त्या म्हणाल्या. “भिंतीवरची ती लीना आहे, चारुता. आम्हां दोघांना केव्हाचं ठाऊक आहे.”