चारची पाळी

आपण समोर जिवंत बसलेलो असताना आपल्याच नावाने मयताची घंटा वाजली, तर माणसाने काय करावं, तुम्हीच सांगा? हसावं, की मुकाट्याने उठून घरी जावं?

वाइनो कांगास हसला. मागच्या बाकावरून त्याने टोपी उंच धरून हलवली, म्हणजे बाबांनो, मी इथे आहे. चर्चमधली निम्मी माणसं तोंडावर हात धरून खुदखुदली. त्याची बायको लेम्पी मात्र हसली नाही. घंटेचा तो ठोका तिच्या छातीत कुठेतरी अडकून राहिला होता.

नोव्हेंबरातला शनिवार होता. 'ऑगस्ट व्हीलर' हे मालवाहू जहाज लोहखनिज घेऊन निघालेलं असताना समुद्रासारख्या अफाट सुपीरियर सरोवरात बुडालं, त्याला त्या दिवशी एकवीस वर्षं झाली होती. एकही माणूस हाती लागला नाही. हे पाणी भर उन्हाळ्यातसुद्धा इतकं गार असतं की खाली गेलेला देह वर येत नाही. जसा गेला तसाच तळाशी राहतो. म्हणून गावात त्या लोकांच्या कबरी नाहीत, नुसती नावं आहेत. दरवर्षी त्या तारखेला पाळक एकेक नाव वाचतात, आणि नावागणिक घंटेचा एक ठोका पडतो.

पाळक नवे होते, येऊन दोन महिने झालेले. चर्चचा जुना कागद त्यांना सापडला नाही, म्हणून त्यांनी जहाजाच्या मालकांनी छापलेली यादी काढली आणि ती वाचली. त्या यादीत वाइनो कांगास हे नाव होतं. तौनो सारेला हे नाव नव्हतं.

तौनो लेम्पीचा धाकटा भाऊ. वाइनो तेव्हा व्हीलरवर पहारेकरी होता. हंगामातल्या शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी वाइनोचा दात असा सुजला की त्याला तोंड उघडवेना. फेरी चुकली तर पुढच्या वसंतात त्याची जागा दुसऱ्याला गेली असती. तौनो म्हणाला, "दाजी, तुम्ही दात उपटून घ्या. तुमचं खलाशाचं कार्ड द्या इकडे. एका फेरीपुरतं कोण बघतंय?" खरंच कुणी पाहिलं नाही. तौनो दाजींच्या नावाने चढला आणि त्याच नावाने बुडाला. जुन्या कागदावर लेम्पीने स्वतःच्या हाताने एक नाव खोडून दुसरं लिहिलं होतं.

प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी होती, वेलचीचा गोड पाव होता.

"काय वाइनो, स्वतःच्या मयताची कॉफी कशी लागते?" कुणीतरी विचारलं.

"पातळ आहे," वाइनो म्हणाला. "मेलेल्याला कोण दाट देतंय?"

सगळे हसले. पाळक लाल होऊन लेम्पीजवळ आले. "फार मोठी चूक झाली हो माझी. उद्या सकाळी प्रार्थनेआधी तुमच्या भावाचं नाव वाचतो. ठोका देतो. चालेल ना?"

शेजारच्या सेल्माकाकूंनी कप खाली ठेवला. त्यांचा नवराही व्हीलरवरच गेला होता. "उद्या कशाला? आजच वाचा. अंधार पडायच्या आत."

पाळक घड्याळाकडे बघायला लागले. चाळीस मैलांवर त्यांना एक लग्न लावायचं होतं आणि रस्त्यावर बर्फ होता. लेम्पी जन्माची भिडस्त. आपल्यापायी कुणाचा खोळंबा व्हावा, हे तिला कधीच सहन झालं नाही.

"उद्या चालेल," ती म्हणाली.

सेल्माकाकू कॉफी तशीच टाकून उठल्या.

घरी येऊन लेम्पीने सौना पेटवली. लाकडी बुटकी खोली, पाण्यापासून वीस पावलांवर. एरवी शनिवारी दोघं त्यात बसून घाम काढायची. पण या तारखेला बुडालेल्यांच्या घरी सौना तापवून रिकामी ठेवायची, अशी इथली रीत. बादलीत पाणी, बर्चच्या डहाळ्यांची जुडी, धुतलेले टॉवेल. गारठून गेलेल्या पोरांनी यावं, शेकावं आणि परत जावं. जिवंत माणूस त्या संध्याकाळी आत पाऊल टाकत नाही.

साडेतीनला सरोवरावरून धुकं आलं. आधी पाणी गेलं, मग काठावरचे खडक गेले, मग सौनाचं धुराडं. खिडकीबाहेर राखाडी भिंत उभी राहिली. लेम्पी बटाटे सोलत होती. वाइनो चुलीपाशी बसून बुटाला चरबी चोळत होता.

भोंगा वाजला.

एक लांब, दोन आखूड.

वाइनोचा हात थांबला. व्हीलर या घरासमोरून जाताना असाच भोंगा द्यायचं, पण मैलभर दुरून. हा आवाज काठाशी आला होता. तिथे गुडघाभर पाण्यात खडक आहेत. तिथून होडी जात नाही, तर जहाज कुठून जाणार?

"धुक्यात आवाज जवळ वाटतो," लेम्पी म्हणाली.

"हो," वाइनो म्हणाला. "वाटतो."

मग वास आला. ओल्या लोकरीचा, दगडी कोळशाच्या धुराचा, आणि त्याखाली सरोवराच्या तळाचा, गंजलेल्या लोखंडासारखा. सौनाचं दार करकरलं आणि लागलं. पुन्हा करकरलं, पुन्हा लागलं. किती वेळा ते लेम्पीने मोजलं नाही. थोड्या वेळाने आत तापलेल्या दगडांवर कुणीतरी पाणी ओतलं. चर्रर्र... आणि मग पुष्कळ माणसांनी एकदम सुस्कारा टाकावा तसा आवाज.

लेम्पीने सुरी खाली ठेवली. एकवीस वर्षं तिने सौना तापवली होती. एकवीस वर्षांत तिथून कधी आवाज आला नव्हता.

आता पावलं घराकडे यायला लागली. एकाच माणसाची. बुटांत पाणी भरलेलं असावं तशी, पचक... पचक... दाराशी येऊन थांबली. दारावर बोटांची तीनदा हलकीशी टकटक झाली.

वाइनोचा चेहरा पांढरा पडला. हे वाजवणं त्याने हजार वेळा ऐकलं होतं. जहाजावर पहारेकऱ्याची पाळी बदलते ती अशी. पाळी संपवणारा माणूस पुढच्या पाळीवाल्याच्या दारावर वाजवतो, आणि आतून स्पष्ट शब्दांत "मी जागा आहे, आलो" असं येईपर्यंत दारातून हलत नाही. नुसतं हुं केलेलं चालत नाही. एकदा शब्द दिला की मात्र पाळी त्याची. वाइनोची पाळी चारची असे. दुपारी चार ते आठ, पुन्हा पहाटे चार ते आठ.

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती.

"दाजी..." दाराबाहेरून आवाज आला. थकलेला, ओळखीचा. "दाजी, उठा. चारची पाळी..."

वाइनोचे ओठ उघडले. लेम्पीने धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"नाही. एक शब्द नाही काढायचा."

त्याने तिचा हात बाजूला केला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "माझ्या जागी उभा आहे तो, लेम्पी," तो कुजबुजला. "एकवीस वर्षं. अजून किती उभा ठेवू त्याला?"

"तुला बोलावलं ते चुकून..."

"चुकून?" वाइनो म्हणाला. "पाळी माझीच होती ना?"

"दाजी..." बाहेरून पुन्हा. "फार गार आहे हो..."

वाइनो उठला. लेम्पी त्याच्या आडवी झाली. दाराला पाठ लावून उभी राहिली तेव्हा लाकडातून ओला गारठा तिच्या पाठीत शिरला. दाराशेजारच्या चुलीवरचं बिडाचं भांडं तिने ओढून घेतलं, वर पळी धरली.

"तौनो मात्ती सारेला," ती म्हणाली, आणि पळी भांड्यावर मारली. एक ठोका. घरभर घुमला. "तुझं नाव वाचायचं राहिलं रे. मी भिडेपायी गप्प बसले, माझं चुकलं. हे बघ, वाचलं. तुझी पाळी संपली. जा बाळा, सौना तापली आहे. बस जरा."

बाहेर पायरीवर पाण्याचे थेंब पडत होते.

मग अगदी हळू, लहानपणी अंधाराला भिऊन विचारायचा तसा, तो म्हणाला, "मग ताई... आता कोण?"

लेम्पी ओठ दातांखाली घट्ट धरून उभी राहिली. पावलं वळली. सौनाचं दार करकरलं आणि लागलं. रात्री आठला भोंगा वाजला, दूर, खोल पाण्यावर, आणि धुकं खिडकीपासून मागे सरकलं.

त्या रात्री ती वाइनोचं मनगट घट्ट धरून बिछान्यात पडून राहिली. झोपायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण दिवसभराची दमणूक होती, मध्यरात्रीनंतर तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. वाइनो चुलीपाशी उभा राहून कॉफी करत होता, धडधाकट. त्याला पाहून लेम्पीला रडू फुटलं.

"आलं होतं का रे कुणी? पहाटे?" तिने विचारलं.

"मी रात्रभर जागाच होतो," वाइनो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "मला काहीच ऐकू आलं नाही. पण बरोबर चारला तू उठून बसलीस. डोळे मिटलेले होते. आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, 'मी जागी आहे, आले.'"